आडवी रेघ म्हणजे लांबवा की थांबा?

तीनतालातली एखादी बंदिश वहीत कशी उतरवलेली असते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सोळा मात्रांचे सोळा रकाने, चार-चार मात्रांवर उभ्या रेघा, खाली ×, २, ०, ३ अशा खुणा. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली शब्द. बोरीवलीत वझिऱ्यापासून कुलुपवाडीपर्यंत गाण्या-पेटीचे जे क्लास चालतात, तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेला बसणाऱ्या कुठल्याही मुलाच्या वहीत असं पान सापडेल. त्यातल्या आठ मात्रा अशा असू शकतात :

ग — — रे | सा — — —

इथे स्वर तीन आणि रेघा पाच. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा आडव्या रेघेने व्यापली आहे, आणि या रेघेवर गाताना करायचं काय, हाच खरा प्रश्न आहे. ‘सा’ चार मात्रा सलग धरायचा? की दोन मात्रा धरून सोडायचा आणि पुढच्या ओळीसाठी श्वास भरून घ्यायचा? की एकच मात्रा ठसठशीत लावून उरलेल्या तीन मात्रा तबल्याला मोकळ्या द्यायच्या? तिन्ही प्रकार मैफिलीत ऐकू येतात आणि कागदावर तिन्ही अगदी सारखे दिसतात. क्लासमध्ये अडत नाही, कारण समोर बाई किंवा सर बसलेले असतात आणि ते गाऊन दाखवतात. तेच पान टाइप होऊन पीडीएफच्या रूपाने व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, की बरोबर सर जात नाहीत. रेघ तेवढी जाते.

ही रेघ आपल्याकडे रुजवली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे पेशाने वकील. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते संगीताच्या अभ्यासात ओढले गेले आणि पुढे वकिली मागे पडली. घराण्याघराण्यांत तोंडी चालत आलेल्या चिजा त्यांनी मिळवल्या, लिहून काढल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. शेकडो चिजा छापायच्या तर लिपी सुटसुटीत हवी, छापखान्यातल्या जुळाऱ्याला जमेल अशी हवी. म्हणून त्यांनी एक साधा नियम धरला. सुटा स्वर म्हणजे एक मात्रा. एका मात्रेत जास्त स्वर असतील तर त्यांच्याखाली कमान. आधीचा स्वर पुढच्या मात्रेत चालू राहत असेल तर तिथे आडवी रेघ, आणि शब्दांच्या ओळीत त्याच जागी अवग्रह, म्हणजे ऽ. आलाप लिहिताना स्वरांचे गट वेगळे दाखवायला स्वल्पविराम.

नियमाप्रमाणे पाहिलं तर रेघेचा अर्थ एकच : स्वर लांबवा. भातखंड्यांनी शंकेला जागा ठेवली नव्हती. पण गळ्याला श्वास लागतो, आणि श्वास कुठे घ्यायचा त्याची खूण या लिपीत ठळकपणे आली नाही. ती कमतरता होती असं म्हणणं भातखंड्यांवर अन्याय करणारं ठरेल. त्यांच्या दृष्टीने पुस्तक हे शिकलेली चीज विसरू नये म्हणून होतं. पुस्तक उघडून परक्या माणसाने जशीच्या तशी चीज वाजवावी, ही अपेक्षाच नव्हती.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची वाट वेगळी. कुरुंदवाडला जन्मलेल्या, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि काही वर्षांत ते मुंबईत आणलं. शाळा चालवायची तर क्रमिक पुस्तकं हवीत, म्हणून स्वतःचा छापखानाही घातला. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहिलेला असतो : एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला छोटं वर्तुळ, पाव मात्रेला वाटीसारखी चंद्रकोर. स्वर लांबवायला अवग्रह आणि शब्द लांबवायला टिंब. आता गंमत अशी, की भातखंड्यांच्या वहीत ० म्हणजे खाली आणि पलुस्करांच्या वहीत जवळपास तेच वर्तुळ म्हणजे अर्धी मात्रा. भातखंड्यांची रेघ म्हणजे लांबलेला स्वर, पलुस्करांची रेघ म्हणजे एक मात्रा टिकणारा स्वर. परीक्षेत दोन्ही पद्धतींची तुलना विचारतात तेव्हा मुलं इथेच अडखळतात, आणि त्यात मुलांचा दोष फार नाही.

खालीबद्दलही एक सांगायला हवं. नाव खाली असलं आणि खूण शून्याची असली तरी खाली म्हणजे शांतता नव्हे. हात बाजूला जातो, डग्गा गप्प होतो, तबल्यावरचे बोल चालूच राहतात. खऱ्या शांततेला, म्हणजे आवाज बंद पण मात्रा चालू अशा अवस्थेला, आपल्या प्रचलित लिप्यांत स्वतःचं ठसठशीत चिन्ह जवळजवळ नाहीच.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये नेमकं उलट आहे. तिथे जितक्या लांबीचे स्वर, तितक्याच लांबीचे विराम, आणि प्रत्येकाला वेगळी आकृती. पूर्ण विरामाचा ठोकळा वरून दुसऱ्या रेषेला खालच्या अंगाने लटकतो, अर्ध्या विरामाचा ठोकळा मधल्या रेषेवर बसतो, पाव विराम वळणावळणाचा, त्याहून लहान विरामांना हुकासारखी शेपटी. वादकाला सोळा बार, म्हणजे उभ्या रेघांमधले सोळा विभाग, गप्प बसायचं असेल तर त्याच्या पानावर एक जाड आडवी रेघ येते आणि तिच्यावर १६ हा आकडा. म्हणजे बोरीवलीतल्याच दोन घरांत दोन पानं शेजारी ठेवली, तर एका पानावरची आडवी रेघ ‘आवाज चालू ठेवा’ म्हणते आणि दुसऱ्या पानावरची ‘सोळा बार वाजवू नका’ म्हणते.

दोन घरं हे उगाच म्हटलेलं नाही. बोरीवली पश्चिमेची आयसी कॉलनी ज्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नावाने ओळखली जाते, त्याची मुळं मंडपेश्वरच्या शैव लेण्यांशेजारी सोळाव्या शतकात आलेल्या फ्रान्सिस्कन साधूंपर्यंत जातात. याच पंथाने तेराव्या शतकात युरोपभर चौकोनी स्वरलिपीचा प्रसार केला होता. त्या चार रेषांच्या लिपीत स्वरांना मोजलेला काळ नाही. पुढे तिच्या छापील पुस्तकांत थांबण्यासाठी उभ्या रेघांची उतरंड रूढ झाली. वरच्या रेषेला चिकटलेली छोटी रेघ म्हणजे किंचित विसावा, मधली अर्धी रेघ म्हणजे वाक्याचा तुकडा संपला, पूर्ण उभी रेघ म्हणजे वाक्य संपलं, दुहेरी रेघ म्हणजे गाणं संपलं. लिलीपाँड या संगीत छापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही या रेघांसाठी वेगवेगळ्या आज्ञा आहेत.

चर्चमधल्या कॉयरच्या पाच रेषांच्या पानावर विराम वेगळा आणि श्वास वेगळा. विरामाची लांबी मोजलेली असते, तर श्वासाची खूण म्हणजे वरच्या रेषेजवळ एक कॉमा. त्या कॉम्याला मात्रा मिळत नाही. आधीच्या स्वराची थोडी शेपटी कापून तो काळ काढायचा असतो. तिसरा प्रकार फर्माटा : टिंबावर कमान. तिथे मोजणीच थांबते आणि पुढे कधी निघायचं ते संचालकाचा हात ठरवतो. चौथा सीझुरा : दोन तिरक्या रेघा, सगळा आवाज एकदम तुटतो. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात सर्वांना माहीत असते, पण ती सिंफनी कागदावर विरामाने सुरू होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. पहिल्या बारमध्ये आधी एक छोटा विराम, मग तीन झटपट स्वर, मग दुसऱ्या बारमध्ये लांब स्वर आणि त्यावर फर्माटा. तो सुरुवातीचा विराम काढून टाकला तर पहिलाच स्वर ठोक्यावर पडेल आणि सगळा धक्का नाहीसा होईल.

लांबवणं, गप्प राहणं, श्वास घेणं आणि काळच थांबवणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. हाताने लिहिणारा माणूस त्या एकमेकींत मिसळू शकतो. सॉफ्टवेअर तसं करू देत नाही.

म्यूझस्कोर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून नवी फाइल केली, की दिसतं काय? प्रत्येक बारमध्ये विराम. कोरा कागद इथे नसतोच. पान आधीपासून शांततेने भरलेलं असतं आणि आपण त्यातली शांतता खोडत स्वर भरतो. चार ठोक्यांच्या बारमध्ये तीन ठोक्यांचा स्वर लिहिला, तर उरलेल्या ठोक्याचा विराम प्रोग्राम स्वतः टाकतो. हिशेब अपुरा सोडता येत नाही. भातखंडे लिपीतलं ‘सा — — —’ इथे उतरवायचं तर आधी ठरवावं लागतं : चार ठोक्यांचा एक स्वर, की दोन ठोक्यांचा स्वर आणि दोन ठोक्यांचा विराम? वहीत जे सरांवर सोपवलं होतं, ते इथे टाइप करणाऱ्यावर येऊन पडतं.

१९९६ साली हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच वादकांनी सुरू केलेलं लिलीपाँड याहून काटेकोर आहे. त्यात माउसने चित्र काढायचं नसतं, मजकूर टाइप करायचा असतो आणि त्यावरून प्रोग्राम पान रचतो. विरामासाठी तिथे तीन वेगळी अक्षरं आहेत. लहान आर म्हणजे नेहमीचा विराम, तो आपल्या ठोक्याच्या जागी छापला जातो. मोठा आर म्हणजे पूर्ण बारची शांतता, ती बारच्या बरोबर मधोमध बसते. सोळा बार असतील तर आकडा घातलेली जाड रेघ यातूनच मिळते. आणि एस म्हणजे अदृश्य विराम : काळ जातो, छापलं काहीच जात नाही. पेटीवाल्याला फक्त शब्दांची ओळ द्यायची आहे आणि वरच्या ओळीत एक-दोनच खुणा हव्यात, तेव्हा हा एस कामाला येतो. श्वासासाठी ब्रीद ही आज्ञा, आणि त्या कॉम्याचीच आकृती बदलून दोन तिरक्या रेघाही आणता येतात.

कागदावर छापणं आणि कॉम्प्युटरने वाजवून दाखवणं यात मात्र अंतर आहे. १९८३ साली आलेलं मिडी हे वाद्यांना जोडणारं मानक स्वर सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची नोंद करतं. विरामासाठी त्यात संदेशच नाही. दोन नोंदींच्या मध्ये गेलेला वेळ, एवढीच तिथे शांततेची ओळख. म्हणून कीबोर्डवर एखादं भावगीत वाजवून ते थेट सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, की पान बारीक-बारीक विरामांनी भरून जातं. बोट एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना क्षणभर उचललं गेलेलं असतं. कानाला तो सलग स्वर वाटतो, प्रोग्रामला तो पाव ठोक्याचा विराम वाटतो. असं पान व्हायोलिनवाल्यापुढे ठेवलं तर तो प्रत्येक स्वर तोडून वाजवेल, कारण त्याला तसंच वाचायला शिकवलेलं आहे. हे विराम एकेक करून खोडणं कंटाळवाणं काम आहे, पण ते माणसालाच करावं लागतं. कुठला विराम संगीताचा आणि कुठला बोट उचलल्याचा, हे कानच सांगतो.

फर्माटाचंही असंच. तो छापायला एक क्षण लागतो, पण प्रोग्रामला वाजवून दाखवायचं असेल तर किती थांबायचं त्याचा आकडा हवा. म्यूझस्कोरमध्ये फर्माटाला किती ताण द्यायचा आणि सीझुराला किती सेकंद द्यायचे, हे वेगळं भरता येतं. लिलीपाँड मुळात छपाईसाठी बनलेलं, त्याच्या मिडी फाइलमध्ये फर्माटाचं थांबणं आपोआप येत नाही. कॉयरच्या सरावासाठी कॉम्प्युटरवर वाजवलेली फाइल सगळ्यांना पाठवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फाइल ऐकून पाठ केलेली मंडळी प्रत्यक्षात संचालकाचा हात वर असतानाच पुढे निघून जातात.

आणखी एक नियम छापणाऱ्याने पाळायचा असतो. फर्माटा एकट्या सोप्रानोच्या ओळीवर टाकून चालत नाही. आल्टो, टेनर, बास, ज्यांना त्या वेळी विराम आहे त्यांच्या विरामावरसुद्धा तो काढायचा, कारण प्रत्येकाच्या हातात स्वतःचं वेगळं पान असू शकतं. इलेन गुल्ड यांचं २०११ सालचं ‘बिहाइंड बार्स’ हे जाडजूड पुस्तक अशाच बारकाव्यांसाठी जगभरचे छपाईकार उशाशी ठेवतात.

मुंबईत हे ज्ञान सॉफ्टवेअरच्या फार आधीपासून होतं. गोव्याच्या पॅरिश शाळांत पोरवयातच स्टाफ नोटेशन शिकलेले वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनसाठी काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा अशा अरेंजरनी संगीतकाराने पेटीवर गाऊन दाखवलेली चाल घ्यायची आणि वादकांसाठी पाच रेषांवर मांडायची, हा रोजचा व्यवहार होता. गोन्साल्विसांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला, तो याच कौशल्यावर. गायिका पुढे अंतऱ्यात शिरते तेव्हा व्हायोलिनने किती बार गप्प बसायचं, हे आकड्याने लिहिलेलं असे. थेट रेकॉर्डिंगच्या त्या काळात एका वादकाने विराम चुकीचा मोजला, की सगळा टेक पुन्हा घ्यावा लागे.

आपल्याकडे विरामाचा सगळ्यात कडक हिशेब आहे तो तबल्यात. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तिचे दोन प्रकार : दमदार आणि बेदम. दम म्हणजे श्वास, तीन तुकड्यांच्या मधली फट. तीनतालात समेवरून सुरू होणारी साधी तिहाई घ्या :

तिट कत गदि गन धा | ऽ | तिट कत गदि गन धा | ऽ | तिट कत गदि गन धा

पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हणजे पंधरा, मध्ये दोन दम म्हणजे सतरा. पहिला तुकडा १ ते ५, सहाव्या मात्रेला दम, दुसरा ७ ते ११, बाराव्याला दम, तिसरा तेराव्यावरून सुटतो आणि त्याचा धा सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या समेवर पडतो. दम खाल्ले तर शेवटचा धा पंधराव्या मात्रेवर आदळेल, समेच्या दोन मात्रा आधी. तोच तुकडा बेदम वाजवायचा असेल तर समेवरून निघून चालणार नाही, तिसऱ्या मात्रेवरून उचलावा लागेल. इथे ऽ ची किंमत बोलाइतकीच आहे.

ही तिहाई सॉफ्टवेअरमध्ये घालताना नवा पेच उभा राहतो. धा वाजल्यावर डग्ग्याची आस मागे राहते. मग त्या ऽ च्या जागी विराम लिहायचा की धा दोन ठोक्यांचा करायचा? तालवाद्यांच्या पाश्चात्त्य लेखनात साधारणपणे आघात लिहून पुढे विराम टाकतात, आणि आस मुद्दाम वाजू द्यायची असेल तर स्वरामागे छोटी उघडी कमान काढतात. दमदार तिहाईला हीच रीत शोभते. दम हा मोजलेला अवकाश आहे, तो विरामानेच दिसला पाहिजे. धा लांबवून लिहिला की वाचणाऱ्याला फट दिसत नाही आणि तिहाईचा आकारच पुसला जातो.

देवनागरीत टाइप करताना त्याआधीच एक अडचण येते. युनिकोडमध्ये अवग्रहाला स्वतःची जागा आहे, तरी अनेक टाइप केलेल्या चिजांत त्या जागी इंग्रजी एस हे मोठं अक्षर असतं. कागदावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. पण फाइलमध्ये शोधलं, फाँट बदलला किंवा शब्द दुसरीकडे नेले, की एस बाहेर पडतो आणि अवग्रह कुठेच सापडत नाही. कोमल स्वराखालची रेघ लेखन-प्रोग्रामच्या अधोरेखनाने काढली तर साध्या मजकुरात ती गळून पडते. त्यासाठी अनुदात्ताचं चिन्ह वापरलं तर ती स्वराला चिकटून राहते. फर्माटा, श्वासाचा कॉमा आणि सीझुरा यांनाही युनिकोडने २००१ सालीच जागा दिल्या आहेत. म्हणजे भातखंडे पद्धतीचं पान टाइप करणाऱ्याने मनात आणलं, तर स्वर लांबवायला आडवी रेघ, श्वासाला कॉमा आणि खऱ्या शांततेला तिसरी एखादी ठरवलेली खूण, असा भेद आजच्या साधनांत सहज करता येतो. पानाच्या डोक्यावर खुणांची एक ओळ दिली की झालं. शिकवणारी व्यक्ती समोर नसताना गाणं कागदावरून उचललं जाणार असेल, तर हा भेद करायलाच हवा.

राहता राहिला प्रश्न ओळ आणि पान कुठे तोडायचं याचा. वाद्यवृंदाच्या छपाईत पान उलटायची जागा वादकाच्या विरामात यावी लागते, नाहीतर व्हायोलिन सोडून हात पानाकडे न्यावा लागतो. लिलीपाँडमध्ये त्यासाठी खास सोय आहे : पुरेसा लांब विराम कुठे आहे ते प्रोग्राम शोधतो आणि पान तिथे संपवतो. बंदिशीच्या पानाला असा शोध लागत नाही, कारण तिथे एक ओळ म्हणजे एक आवर्तन. अडचण पहिल्या ओळीत येते. तीनतालातल्या कितीतरी बंदिशी खालीपासून, नवव्या मात्रेवरून उठतात. वहीत काही जण पहिल्या आठ रकान्यांत काहीच लिहीत नाहीत, काही जण ओळच नवव्या मात्रेपासून सुरू करून सम मधोमध आणतात. सॉफ्टवेअरमध्ये पहिला मार्ग म्हणजे आठ मात्रांचा अदृश्य विराम, दुसरा मार्ग म्हणजे आठ मात्रांचा अपुरा बार. बोरीवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तबला, पेटी आणि व्हायोलिन एकत्र बसणार असतील तर पहिला मार्ग बरा. तबलजीच्या पानावर त्या आठ मात्रांत ठेका लिहिलेला असतो, गायकाच्या पानावर मोकळी जागा असते, आणि दोघांच्या पानांवर समेचा × एकाच रकान्यात येतो.